करंगळीच्या बाजूचं हाड

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कधीचं आलं आणि मी उत्तर लिहायला आज बसतोय. रागावू नकोस. शिलाई मशीनचा पट्टा तुटला, मग खोकल्यानं धरलं, अशी कारणं सांगता येतील. पण खरं म्हणजे लिहायची मला भीतीच वाटते. चौथीत मास्तरांनी माझ्या डोक्यात पाटी फोडली आणि माझी शाळा तिथेच संपली. कागद पुढे आला की अजून हात आधी डोक्याकडे जातो.

पेपरात तुझा फोटो आला. विद्यापीठानं तुझ्या प्रबंधाला यंदाचं पहिलं मानपत्र दिलं, हे माझ्या लेकीनं, तुझ्या ताईनंच वाचून दाखवलं. मी तो कागद दुकानात आरशाशेजारी चिकटवला. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला विचारतो, "तुमची पुतणी मोडकी हाडं बघते म्हणे. मग डॉक्टर का नाही झाली?"

मी म्हटलं, "डॉक्टर हाड जोडतो. ते कसं मोडलं, हे ती विचारते."

"कुणाला?"

"हाडालाच."

"मग काय म्हणतं हाड?"

म्हटलं, तिलाच विचारून सांगतो. आणि परत कात्री चालवायला लागलो.

आपल्या घरात, ताईला वाचता येतं तेवढं सोडलं, तर सगळे अंगठेबहाद्दर. त्यात खरी शिकलेली दोनच माणसं, एक तू आणि एक आपले जावई मास्तर. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. तुम्हा दोघांमुळे मला या गल्लीत मान वर करून चालता येतं.

एक वाईट बातमी आहे, पण काळजी करू नकोस. मागच्या पायरीवरून घसरून ताईचा डावा हात मोडला. मी बाहीचं माप घ्यायला गेलो होतो. माझं बोट लागलं तशी किंचाळली. मनगटाशी नाही, कोपराशीही नाही, बरोबर मधोमध, करंगळीच्या बाजूला. आता प्लास्टर आहे. ती बाही मी उसवून नाड्यांची केली. हल्ली ती ब्लाउज पूर्ण बाह्यांचे आणि बंद गळ्याचे शिवून मागते, भर उन्हाळ्यातसुद्धा. मी चेष्टा केली, "काय गं, मास्तरीणबाई झालीस!" ती हसली. मास्तरांच्या बायकोला थोडं भारदस्त दिसायलाच हवं.

तुझं अक्षर मला मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. पण ताई आहे वाचून दाखवायला. बिनधास्त लिही.

तुझा,
मोठा काका


१७ फेब्रुवारी

ती. मोठ्या काकांना नमस्कार, आणि हे पत्र वाचून दाखवणाऱ्या माझ्या ताईलाही.

काका, हाड काय म्हणतं ते इस्त्रीवाल्याला सांगा. माणूस पडतो तेव्हा तळहात पुढे करतो. सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. पण डोक्यावर काठी येताना दिसली, तर माणूस हात आडवा वर धरतो. तेव्हा मार मधोमध, करंगळीच्या बाजूला बसतो.

इस्पितळाच्या जुन्या कपाटांत मला शेकडो बायकांचे एक्स-रे मिळाले. सगळ्यांच्या कागदावर एकच शब्द होता, "पडले." त्यातली एक बाई वरचेवर यायची आणि दर वेळी पडले म्हणायची. शेवटच्या वेळी ती काहीच म्हणाली नाही. तिची कवटी फुटली होती आणि दोन्ही हातांची करंगळीच्या बाजूची हाडं मोडली होती. माझा प्रबंध तिच्यापासून सुरू होतो. परीक्षकांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "तिच्या आधीच्या फेरीला कुणी विचारलं असतं, तर ती आज असती."

एका हाडावरून मी निकाल देत नाही. पण पूर्ण बाह्या, बंद गळा आणि हे हाड, तिन्ही एकदम?

ताई, वाचता वाचता इथे थांबलीस ना? थांबू नकोस. तुला बोलवत नसेल म्हणून तुझ्यासाठी वाक्य मीच लिहिलंय, ते नुसतं मोठ्यानं वाच: "आबा, मी पडले नाही. मला मारलं."

काका, ती हे वाचेल तेव्हा तिला परत पाठवू नका. तुमच्याकडेच ठेवून घ्या. मग मी येते.

तुमची,
भिंगरी


४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन हल्ली सगळ्या गल्लीची पत्रं शाळेतच टाकून जातो, म्हणून जावईबापू स्वतः घेऊन आले आणि त्यांनीच वाचून दाखवलं. किती सुंदर वाचतात! एकेक शब्द टिपून घ्यावा. म्हणाले, "आबा, तुमची पुतणी फार हुशार आहे. हाडावरून माणूस ओळखते." आणि पोट धरधरून हसले. मलाही हसू आलं. कशाचं ते कळलं नाही, पण मास्तर हसतायत म्हटल्यावर आपणही हसावं.

तू लिहिलंस तसंच करतोय. हाड जुळेपर्यंत ताईनं उंबरा ओलांडू नये, माहेरी येण्याची दगदग करू नये, आणि मीही तिच्याकडे जाऊ नये, कारण माणसं आली की ती उठते आणि हाड हलतं. इतकी शिकलेली पोर सांगते म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? त्या दिवसापासून मी तिकडे फिरकलो नाही. दोनदा पाय दारापर्यंत गेले, दोन्ही वेळा मागे फिरलो.

पण तिचं नशीबच फिरलंय. ज्या दिवशी तुझं पत्र आलं, त्याच दिवशी संध्याकाळी ती पुन्हा पडली म्हणे. ओठ फाटला, पुढचे दात गेले. पाणी भरायला येणारी बाई सांगत होती की मोरीत रक्तच रक्त होतं. मी जावईबापूंना विचारलं, तर म्हणाले, "चालताना वेंधळेपणा. मी रोज समजावतो."

डोळे तपासायला हवेत का गं तिचे? का मेंदूचं काही असेल? मला झोप लागत नाही. एखादं औषध असेल तर कळव. मास्तर वाचून दाखवतील.

तुझा,
मोठा काका


८ मार्च

(अक्षरं अंगठ्याएवढी, पानावर चार-चार ओळी)

काका,
हे पत्र तुम्ही स्वतः वाचा.
दवाखान्यातल्या सिस्टर हातोहात देतील.
दुसऱ्या कुणाला दाखवू नका.

तिकडे जाऊ नका असं मी
लिहिलंच नव्हतं.
भाऊजींनी खोटं वाचलं.

मी लिहिलं होतं:
ताई पडत नाही.
भाऊजी तिला मारतात.
ते तिला ठार मारतील.

आजच तिला घेऊन या.
एकटे जाऊ नका.
सिस्टरना बरोबर न्या.

भिंगरी


२१ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

कागद धरायला डावा हात नाही, म्हणून त्यावर इस्त्री ठेवून लिहितोय. सिस्टरबाई म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी नको म्हटलं. माझं पत्र आता दुसऱ्याच्या तोंडून नको.

तुझं मोठ्या अक्षरांचं पत्र मी बोट ठेवून ठेवून वाचलं. आधी तुझाच राग आला. म्हटलं, पोर शिकली आणि चळली. मास्तरांसारख्या माणसावर आळ घेते! मग वाटलं, खरं असलं तरी आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात सिस्टरबाईंना कशाला ओढा? म्हणून तू नको म्हटलंस तेच केलं. एकटा गेलो.

रविवार होता, शाळा बंद. त्यांच्या खोलीच्या बाहेर आलो तर आतून ताईचा वाचण्याचा आवाज. देवाशप्पथ सांगतो भिंगरी, मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, मास्तर बायकोला शिकवतायत आणि ही पोरगी काय काय लिहिते.

मग शब्द कानात शिरले.

"माणूस पडतो तेव्हा तळहात पुढे करतो," ताई वाचत होती. दात नाहीत, त्यामुळे शब्द ओले ओले येत होते.

धप्प आवाज झाला. ती कण्हली.

"पुढे केलास का तळहात? नाही केलास. मग बहिणीनं चुकीचं लिहिलं. पुढचं वाक्य." आवाज अगदी वर्गातला, शांत.

असं एकेक वाक्य. ती वाचायची, तो मारायचा आणि विचारायचा, बरोबर की चूक. तू लिहिलेलं पत्र मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, दाराबाहेर उभा राहून.

मग तू तिच्यासाठी लिहिलेलं वाक्य आलं.

"वाच."

"नाही वाचवत."

"मोठ्यानं वाच असं लिहिलंय ना? वाच."

"आबा, मी पडले नाही," ती म्हणाली. "मला मारलं."

मी दार ढकललं. खोली नेहमीसारखीच नीटनेटकी. वह्या रचलेल्या, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. मधोमध ताई गुडघ्यांवर, प्लास्टरचा हात डोक्यावर धरलेला आणि प्लास्टर उभं चिरलेलं. मी शिवलेल्या ब्लाउजची पाठ रक्तानं चिकटली होती. मास्तरच्या हातात शाळेची घंटा बडवायचा लोखंडी टोला.

"या सासरेबुवा," तो म्हणाला. "बसा. आज तुम्हालाही नीट वाचून दाखवतो."

आजवर मी त्याला कधी अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती. त्या दिवशी तोंडातून निघालं, "ठेव ते खाली, हरामखोरा."

त्यानं टोला उगारला. माझा डावा हात आपोआप वर गेला. मी ठरवून केला नाही. कळ यायच्या आधी आवाज आला, वाळकी काठी गुडघ्यावर मोडावी तसा. हात मध्येच लोंबायला लागला. दुसरा घाव माझ्या डोक्यावर येत होता. ताई कशी उठली कोण जाणे, ती मध्ये आली. टोला तिच्या कानामागे बसला. ती ओरडलीसुद्धा नाही. खुंटीवरून कापड गळावं तशी खाली आली.

मग मी खिशातली कात्री काढली. त्याच्या मांडीत खुपसली, कड्यांपर्यंत. जन्मभर कापड कापलं. कात्री मांसात इतकी सहज जाते हे मला माहीत नव्हतं. मी ती फिरवली. तो किंचाळला, त्याच्या वर्गातली पोरं मार खाताना किंचाळत असतील तसाच. तो पडला तरी मी हात काढला नाही.

शेजारपाजारचे धावले. बाजूच्या खोलीतली बाई म्हणते, "रोजचेच आवाज. आम्हाला वाटलं मास्तर शिकवणी घेतात!" सिस्टरबाईंनी आधी ताईचं डोकं बांधलं, मग त्याची मांडी बांधायला बसल्या. मी म्हटलं, "त्याचं राहू दे." त्या माझ्यावर खेकसल्या, "आबा, हा मेला तर तुम्ही फासावर जाल. गप बसा आणि तुमचा हात इकडे करा."

ताईला बेशुद्धच गाडीत घालून तुमच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तू भेटली असशील. मला पोलिसांनी गाव सोडायचं नाही म्हणून बजावलंय. जिल्ह्याच्या दवाखान्यात माझ्या हाताच्या हाडाचा फोटो काढला. तो त्यांनी तिकडे पाठवला म्हणतात.

ती जगेल ना गं? मला बाकी काही सांगू नकोस, एवढंच सांग.

तुझा काका


२९ मार्च

(पुन्हा मोठ्या अक्षरांत, पुष्कळ पानं)

ती. काका,

ताई जगली. डोक्यातलं रक्त काढलं, टाके घातले. उजव्या कानानं आता ऐकू येणार नाही. पण जगली. हे आधी वाचा, श्वास घ्या, मग पुढे जा.

शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "पडले." मग मला म्हणाली, "आबा जेवले का?"

जबाब घ्यायला पोलीसबाई आल्या. त्यांनाही तेच, पडले. तिकडे भाऊजींनी खाटेवरून लिहून दिलंय की सासऱ्यानं कात्रीनं हल्ला केला, झटापटीत बायको टेबलाच्या कोपऱ्यावर पडली. ताई पडले म्हणत राहिली, तर ते सुटतात आणि तुम्ही आत जाता. मी तिला हे सांगितलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाली, "मी बोलले, की तो आबांना मारेल."

मी नात्यातली. माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. म्हणून माझ्या मार्गदर्शक बाई आल्या. त्यांनी ताईचे सगळे फोटो तिच्या खाटेसमोर भिंतीवरच्या दिव्यापुढे लावले. बरगड्या मोडून जुळलेल्या, बोटं मोडून वाकडी जुळलेली, काही या वर्षीचं, काही लग्नानंतर लगेचचं. इस्पितळाचे डॉक्टर गोळा झाले, पोलीसबाईही आल्या. आमच्या विभागातली मुलं मागे उभी होती. बाई माझ्या प्रबंधातली आकृती हातात धरून एकेक हाड दाखवत होत्या. मी ज्यावर वर्षं घालवली ते सगळं माझ्याच ताईच्या अंगात होतं, आणि मी सुट्टीत तिच्या घरी जाऊन जेवून येत होते.

ताई पडल्या पडल्या बघत होती. म्हणाली, "हाडंही खोटं बोलत असतील."

तेवढ्यात जिल्ह्याहून तुमच्या हाताचा फोटो आला. बाईंनी तो तिच्या हाताच्या फोटोशेजारी लावला. दोन्ही डावे हात. मोड त्याच जागी, तशीच आडवी.

"दोन्ही माझेच ना?" ताईनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हा आबांचा आहे."

तिनं आपल्या डाव्या हातावरून उजवा हात फिरवला. मग विचारलं, "आबापण पडले असंच सांगतील का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं पोलीसबाईंना खुणेनं जवळ बोलावलं. "बसा," म्हणाली. "लिहा."

त्यांची शाई संपली, काका. दुसरं पेन माझं दिलं.

इस्पितळानं आता ठरवलंय की पडले म्हणणाऱ्या प्रत्येक बाईचे फोटो आमच्या विभागाकडून तपासून घ्यायचे. मुलांनी पाळ्या लावून घेतल्यात. काल पहिल्याच दिवशी एक पोर सापडली. माझ्याहून लहान. तिला घरी जाऊ दिलं नाही.

तुमचा जबाब कधी आहे? वकील सांगतील तसं करा. तुम्ही बाहेर असायला हवं आहात.

तुमची,
भिंगरी


६ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी एकट्यानं वाचलं. एक सबंध दिवस गेला, पण कुणाला हात लावू दिला नाही. "जगली" हा शब्द आला तिथे पुढे जाता येईना. डोळेच काम करेनात.

माझा जबाब काल झाला. आधी वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस आहे. म्हणाले, "आबा, अगदी सोपं आहे. कात्री तुमच्या हातात होती आणि झटापटीत मास्तर तिच्यावर पडला. एवढंच म्हणा."

मी म्हटलं, "कात्रीवर पडला?"

"हो. पडला."

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "आमच्या घरात पडून पडून माणसं मरायला टेकली. आता कुणी पडणार नाही. मी कात्री खुपसली, आणि वर फिरवली. तसंच लिहून घ्या."

त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "अहो, तुरुंगात जाल."

"माझी पोर खरं बोललीय," मी म्हटलं. "तिचा बाप खोटं बोलला, तर तिचंही खोटं ठरेल."

तसंच लिहून दिलं. ताईला सांग. तिनं विचारलं होतं ना, त्याचं उत्तर तू देऊ शकली नाहीस, ते हे.

धीट झालो असं समजू नकोस. तुरुंगात चष्मा ठेवू देतात का? रात्री दिवा असतो का? वकीलसाहेब म्हणतात, मास्तरनं आधी वार केला याचा पुरावा माझ्या हाताच्या हाडातच आहे, त्यामुळे शिक्षा झाली तरी कमी होईल. तुमच्या बाई माझ्यासाठीही साक्षीला उभ्या राहतील का? त्यांना त्रास होणार असेल, तर राहू दे. पण विचारून बघ. टोला पोलिसांकडे जमा आहे, शाळेत घंटाच होत नाही. पोरं वाटेल तेव्हा येतात, वाटेल तेव्हा जातात. नवीन मास्तरीणबाई आल्यात, टाळ्या वाजवून बोलावतात म्हणे.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. मास्तरची मांडी चिघळली. जिल्ह्याला जमेना, म्हणून काल त्याला तुमच्याच मोठ्या इस्पितळात हलवलं. बेड्या आहेत, बरोबर शिपाई आहे, असं सिस्टरबाई म्हणतात. पण शिपाई चहाला जातो. मास्तर गोड बोलतो, भिंगरी. मी वर्षानुवर्षं ऐकलंय, कुणालाही भुलवेल. ताई कुठल्या मजल्यावर आहे? तिच्या दारापाशी कोण असतं? तिला उजव्या बाजूनं ऐकू येत नाही, कुणी मागून आलं तर तिला कळायचं नाही. तिची खाट अशी फिरवून घे की दार समोर दिसेल. तुझ्या विभागातल्या मुलांना सांग, पाळीनं बसा म्हणावं, त्यांच्या आयांचे उपकार मी विसरणार नाही.

तुझ्या कामाचं कौतुक करायला आलेला इस्त्रीवाला दुकानात बसलाय. त्याला म्हटलं, थांब, आधी हे पत्र शहराच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन ये.

ड्रायव्हर उद्या सकाळी परत फिरतो. त्याच्या हाती दोन ओळी दे. मोठी अक्षरं काढत बसू नकोस, मुंग्या चालतील, मी वाचीन. दारावर कोण आहे एवढं तरी कळव. लवकर कळव.

तुझा,
मोठा काका